बुलेट ट्रेनचं नाक एवढं लांब कशासाठी?

डिसेंबरातली गोष्ट. भाजे लेणी बघून आम्ही मळवली स्टेशनावर पुण्याच्या लोकलची वाट बघत उभे होतो. लोणावळ्याकडून एक एक्स्प्रेस न थांबता जाणार होती, तिची घोषणा झाली आणि सगळे जण सवयीने दोन पावलं मागे सरकले. गाडीचा वेग शंभरच्या आसपास असावा. इंजिन समोरून गेलं तेव्हा छातीवर कोणीतरी उशी आपटावी तसा एक धक्का बसला. मग डबे जायला लागले आणि वारा हळूहळू वाढत गेला. पहिल्या दोन-तीन डब्यांना ओढणी नुसती हलत होती, शेवटच्या डब्यांपर्यंत ती हाताने धरून ठेवावी लागली. शेवटचा डबा गेला, आणि त्यानंतर सगळ्यात मोठी झुळूक आली. फलाटावरची वाळकी पानं आणि वेफर्सचं रिकामं पाकीट गाडीमागे धावत सुटलं, थोडं अंतर जाऊन गोल गोल फिरलं आणि बसलं.

मी कॉलेजात फ्लुइड मेकॅनिक्स, म्हणजे हवा-पाण्याच्या वाहण्याचं शास्त्र, शिकवते. ह्या वीस सेकंदांत माझा जवळजवळ अर्धा अभ्यासक्रम होता. त्या टर्मला वर्गात एका मुलाने विचारलेला प्रश्नही तेव्हा डोक्यात घोळत होता: "मॅडम, जपानच्या बुलेट ट्रेनचं नाक पंधरा मीटर लांब आहे. मग फ्रान्सच्या टीजीव्हीचं आखूड का? ती पण तेवढीच जोरात पळते ना?" प्रश्न फार चांगला होता. त्याचं उत्तर बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी सापडतं.

आधी हवेबद्दल. हवा म्हणजे रिकामी जागा, असं आपण मनात धरून चालतो. पण पुण्याच्या उंचीवर एक घनमीटर हवेचं वजन साधारण 1.1 किलो भरतं. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत सदतीस-अडतीस किलो हवा असते, म्हणजे गव्हाचं एक बऱ्यापैकी पोतं. आता गाडीचा विचार करा. बुलेट ट्रेनचा समोरून दिसणारा आकार अकरा-बारा चौरस मीटर असतो. 320 किलोमीटर वेगाने ती एका सेकंदात 89 मीटर जाते. म्हणजे दर सेकंदाला हजारेक घनमीटर, एक टनाहून जास्त हवा तिला बाजूला सारावी लागते, आणि ती गेल्यावर त्या हवेला परत आपल्या जागी यावं लागतं.

ह्या हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. स्कूटरवर चाळीसच्या वेगात हात बाहेर काढा, मग हायवेला ऐंशीच्या गाडीतून काढा (म्हणजे काढू नका, कल्पना करा): वेग दुप्पट, पण तळहातावरचा दाब चौपट. ताशी 100 किलोमीटरला समोरून अडवलेल्या हवेचा दाब दर चौरस मीटरला साधारण 47 किलो वजनाएवढा असतो, 160 ला तो 120 किलोच्या आसपास जातो आणि 320 ला 480 किलोच्या. गाडीला लागणारी शक्ती तर ह्याहून वेगाने वाढते, कारण शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. वेग दुप्पट केला की हवेशी झुंजायला आठपट शक्ती लागते.

गाडीला होणारा विरोध मांडायचं एक जुनं समीकरण आहे, 1926 चं, डेव्हिसच्या नावाचं. त्यात तीन पदं असतात: एक वेगावर अवलंबून नसलेलं, एक वेगाच्या प्रमाणात वाढणारं आणि एक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. पहिली दोन मुख्यतः चाकं, बेअरिंग, रूळ ह्यांची. तिसरं हवेचं. मालगाडीला पहिली दोन पदं पुरतात. तीनशेच्या वेगात तिसरं पद बाकी सगळ्यांना गिळून टाकतं आणि विरोधाचा तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा एकट्या हवेचा होतो.

मग साहजिक वाटतं की नाक लांब आणि टोकदार केलं की काम झालं. इथेच गफलत होते. आखूड आणि बोजड वस्तूसाठी, मोटारीसाठी, समोरचा आणि मागचा आकार फार महत्त्वाचा असतो. पण आगगाडी म्हणजे एक अतिशय लांब काठी आहे. सोळा डब्यांची शिंकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, सुमारे 400 मीटर लांब असते. तिच्या अंगाला घासत जाणारी हवा किती, ह्याचा विचार करा.

1904 साली लुडविग प्रांटल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एक साधी पण मूलगामी गोष्ट मांडली. पृष्ठभागाला अगदी चिकटलेली हवा पृष्ठभागाबरोबरच जाते. तिच्या बाहेरचा थर थोडा कमी ओढला जातो, त्याच्या बाहेरचा आणखी कमी, आणि काही अंतरावर हवा जागच्या जागी उभी असते. ह्या ओढल्या जाणाऱ्या पट्ट्याला सीमास्तर म्हणतात. गाडीच्या नाकाशी तो बारीक असतो आणि मागे मागे जाड होत जातो. मळवलीला ओढणी पहिल्या डब्याला हलकी आणि शेवटच्या डब्याला जोरात का उडाली, त्याचं उत्तर हे. शेवटचे डबे येईपर्यंत तो जाड झालेला पट्टा फलाटाच्या कडेपर्यंत पोचलेला असतो. आणि गाडी संपली की ही सगळी ओढली गेलेली हवा एकदम पोरकी होते, गाडीमागे भोवरे करत धावते. वेफर्सचं पाकीट गोल फिरलं ते त्या भोवऱ्यांत.

जाता जाता एक सांगते, कारण घरोघरी हे चुकीचं सांगितलं जातं. "गाडी माणसाला आत ओढून घेते," असं आपल्याकडे म्हणतात. नाकाच्या आसपास क्षणभर दाब वर-खाली होतो हे खरं, पण माणूस पडतो तो बहुतेक वेळा ह्या वाऱ्याने. तो गाडीच्या दिशेने, म्हणजे फलाटाला समांतर ढकलतो, आणि अचानक ढकलतो. तोल जातो आणि पाऊल नको तिकडे पडतं. म्हणून इंजिन गेलं की पुढे सरकणं धोक्याचं. वाऱ्याचा मोठा झोत अजून यायचा असतो. मुलांना पिवळ्या पट्टीमागे उभं करताना हे नीट समजावून सांगा, नुसतं "मागे हो" म्हणू नका.

तर लांब गाडीच्या विरोधात नाक आणि शेपूट ह्यांचा वाटा पुष्कळ मोजमापांत दहा टक्क्यांच्या आसपासच निघतो. मोठा वाटा अंगावरच्या घर्षणाचा, आणि त्याहून मोठा गाडीच्या पोटाखालचा. आपण बोलताना डब्यालाच बोगी म्हणतो, पण इंजिनिअर बोगी म्हणतात ती डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याला. चाकं, ब्रेक, मोटरी, स्प्रिंगा, सगळं उघडं लटकलेलं, आणि खाली रूळ आणि खडी. तिथे हवा अक्षरशः घुसळली जाते. त्याशिवाय दोन डब्यांमधल्या फटी आणि छतावरचा पेंटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा. म्हणून वीज वाचवायची तर खालून पत्रे बसवून पोट सपाट करतात, बोग्यांना दोन्ही बाजूंनी झाकतात, डब्यांमधल्या फटी रबरी पडद्यांनी बुजवतात. फोटोत ह्यातलं काहीच उठून दिसत नाही. फोटोत नाकच दिसतं.

मग पंधरा मीटरचं नाक कशाला? बोगद्यासाठी.

पिचकारीची दांडी दाबली की नळीतल्या पाण्याला एकच वाट उरते, पुढची. गाडी बोगद्यात शिरते तेव्हा तेच होतं, फक्त दांडी सैल बसलेली असते. थोडी हवा गाडीच्या कडेने मागे निसटते, बाकीची पुढे दाबली जाते. ह्या दाबाची बातमी आवाजाच्या वेगाने, सेकंदाला 340 मीटरने, पुढे पळते. गाडी सेकंदाला 80-90 मीटर जाते, म्हणजे दाबाची लाट तिच्या कितीतरी आधी दुसऱ्या तोंडाला पोचते.

आता ह्या लाटेला वाटेत काय होतं ते बघा. दाबलेली हवा थोडी गरम असते आणि स्वतःही पुढे सरकत असते. त्यामुळे लाटेचा जास्त दाबाचा, मागचा भाग पुढच्या भागापेक्षा किंचित जोरात पळतो. कोकणातल्या कुठल्याही किनाऱ्यावर उभं राहून बघितलंय ना, लाट उथळ पाण्यात येते तसा तिचा माथा पायाला गाठायला लागतो, पुढची बाजू खडी होत जाते आणि मग ती फुटते. बोगद्यातल्या लाटेचंही असंच, कारण वेगळं पण चाल तीच. बोगदा जितका लांब तितका तिला खडी व्हायला वेळ जास्त. ती दुसऱ्या तोंडाशी पोचली की बराचसा भाग उलटा परततो, पण थोडा बाहेर फेकला जातो, बंदुकीच्या बारासारखा. गाडी अजून बोगद्यात असते आणि बाहेरच्या घरांची तावदानं खडखडतात.

जपानमध्ये शिंकान्सेन सुरू झाली 1964 साली, ताशी 210 किलोमीटरने. तेव्हा हा त्रास नव्हता. तो समोर आला 1970 च्या दशकात, सान्यो मार्ग पश्चिमेकडे वाढवताना. वेग तर होताच, पण आणखी एक कारण निघालं, आणि ते मला फार आवडतं: नव्या बोगद्यांत रुळांखाली खडीऐवजी काँक्रीटच्या लाद्या होत्या. खडीच्या दगडांमधल्या असंख्य पोकळ्या लाटेला मऊ करतात, तिची धार बोथट करतात. गुळगुळीत काँक्रीट तसं काही करत नाही. देखभाल सोपी व्हावी म्हणून केलेल्या बदलाने स्फोटाचा आवाज आणला.

ह्यावर उपाय दोन. बाहेर फुटणारा बार लाट किती उंच आहे ह्यापेक्षा ती किती खडी आहे ह्यावर ठरतो, आणि शिरतानाची ही चढण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 200 वरून 300 वर गेलात की सव्वातीनपटीहून जास्त. तेव्हा सुरुवातीलाच चढण सौम्य करायची. पहिला उपाय बोगद्याचा: तोंडाशी एक पडवी बांधायची, मूळ बोगद्यापेक्षा थोडी रुंद, भिंतींना खिडक्या ठेवलेली, म्हणजे हवा एकदम कोंडली जाणार नाही. दुसरा उपाय गाडीचा: नाक लांब करायचं, म्हणजे गाडीचा पूर्ण आकार बोगद्याचं तोंड एकदम न भरता सावकाश भरेल. 300 च्या वेगात पंधरा मीटर नाक आत जायला 0.18 सेकंद लागतात, सहा मीटरचं असेल तर 0.07. एवढ्याशा फरकासाठी सगळा खटाटोप. आणि नाक नुसतं लांब करूनही भागत नाही. टोकापासून मागे येताना त्याचं क्षेत्रफळ किती समान गतीने वाढतं, हे बघावं लागतं. म्हणून आजच्या शिंकान्सेनची नाकं टोकदार भाल्यासारखी न दिसता बदकाच्या चोचीसारखी, मध्ये चपटी आणि कडेला फुगीर दिसतात.

खंड्या पक्ष्याची गोष्ट ह्याच संदर्भातली. 1997 साली धावू लागलेल्या 500 मालिकेच्या गाडीवर काम करणारे इंजिनिअर एइजी नाकात्सु हे पक्षीनिरीक्षक होते. खंड्या हवेतून पाण्यात सूर मारतो आणि पाणी फारसं उडत नाही. कमी विरोधाच्या माध्यमातून एकदम जास्त विरोधाच्या माध्यमात शिरणं, हाच गाडीचाही प्रश्न. पाषाण तलावावर सकाळी थोडा वेळ बसलात तर हा सूर प्रत्यक्ष बघता येतो: ठिपक्यासारखा थेंब उडतो आणि पक्षी मासा घेऊन परत फांदीवर. पण नुसत्या पक्ष्यावरून गाडी झाली असं समजू नये. नळीत वेगवेगळ्या आकारांच्या गोळ्या झाडून दाबाच्या लाटा मोजल्या, गणितं केली, आणि सर्वांत चांगला निघालेला आकार खंड्याच्या चोचीजवळ गेला. त्याची किंमतही मोजावी लागली: पंधरा मीटर नाकात माणसं बसत नाहीत, पहिल्या डब्यातल्या जागा कमी झाल्या. पुढच्या 700 मालिकेचं नाक पुन्हा आखूड केलं, ते ह्याच हिशेबापोटी.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. फ्रान्सचे मार्ग पुष्कळसे मोकळ्या सपाट शेतांतून जातात, बोगदे कमी आणि असतात ते ऐसपैस. जपान डोंगरांचा देश, दुहेरी मार्गाचा बोगदा साधारण 64 चौरस मीटरचा, म्हणजे एकट्या गाडीने त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा व्यापलेला. 3 एप्रिल 2007 ला टीजीव्हीने रुळांवर 574.8 किलोमीटरचा विक्रम केला तो आखूड नाकानेच, उघड्यावर.

बोगद्याचा दुसरा त्रास कानांचा. डेक्कन क्वीनने मुंबईहून येताना घाटात कानात दडे बसतात, हा आपल्यातल्या पुष्कळांचा अनुभव. कर्जत ते खंडाळा गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास चढते, हवेचा दाब सहाएक टक्क्यांनी उतरतो, पण त्याला पाऊण तासाच्या आतबाहेर वेळ असतो, एक-दोनदा आवंढा गिळला की कान मोकळे. वेगवान गाडी अरुंद बोगद्यात शिरली, आणि त्यातच समोरून दुसरी आली, तर दाबात काही टक्क्यांचा फरक एक-दोन सेकंदांत पडू शकतो. कानाला तेवढी सवड मिळत नाही. युरोपच्या नियमांत बोगद्यातला हा बदल 10 किलोपास्कलच्या वर जाऊ द्यायचा नाही अशी हद्द आहे. सिंहगड आतकरवाडीतून चढलात तर सहाशेएक मीटर होतात; हा बदल म्हणजे तसे जवळपास दीड सिंहगड, तेही एक बोगदा पार होईपर्यंत. म्हणून डबे हवाबंद करावे लागतात, दारं रबरी पट्ट्यांवर दाबून बसवावी लागतात.

आवाजाबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की आपण लकडी पुलावर गर्दी करून मुठा बघतो. पुलाच्या खांबामागे नीट बघा: एक भोवरा डावीकडून सुटतो, मग एक उजवीकडून, पुन्हा डावीकडून. पेंटोग्राफच्या दांड्यांमागे हवा हेच करते, सेकंदाला शेकडो वेळा, आणि त्याचा आवाज होतो. चाकांचा आवाज वेगाबरोबर वाढतो, पण हा हवेचा आवाज वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतो. वेग दुप्पट, तर आवाजाची ऊर्जा चौसष्टपट. 500 मालिकेत पेंटोग्राफवर घुबडाच्या पिसांच्या दातेरी कडेसारखी रचना वापरली, ती मोठे भोवरे मोडून बारीक करायला.

हे सगळं तपासतात कसं, हा भाग मला सगळ्यात जवळचा. पुण्यात खडकवासल्याला पाण्यावरचं संशोधन केंद्र आहे, 1916 साली स्थापन झालेलं, सीडब्ल्यूपीआरएस. तिथे मोठमोठ्या शेडमध्ये नद्यांच्या आणि बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्यांत पाणी सोडतात. शंभरपट लहान प्रतिकृतीत पाणी दहापट हळू सोडलं की लाटा मूळ नदीसारख्या वागतात, कारण तिथे राज्य गुरुत्वाकर्षणाचं असतं. गाडीचं तसं जमत नाही. तिथे महत्त्वाचं आहे ते हवेच्या धावेचं आणि तिच्या चिकटपणाचं प्रमाण, ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने 1883 मध्ये काचेच्या नळीत रंग सोडून दाखवलेलं. ते प्रमाण जुळवायचं तर वीसपट लहान गाडीवर वीसपट वेगाचा वारा सोडावा लागेल. 300 गुणिले वीस म्हणजे 6000 किलोमीटर, आवाजाच्या जवळपास पाचपट. तिथे हवेचे नियमच बदलतात, प्रयोग निरर्थक होतो.

मग वाटा काढतात. वातबोगदा म्हणजे प्रतिकृतीवर वारा सोडून बघायची मोठी नळी. जर्मनीत कोलोनला असा वातबोगदा आहे जिथे वायू अतिशय थंड करतात. थंड वायू दाट आणि कमी चिकट असतो, म्हणून कमी वेगात काम भागतं. जपानमध्ये माइबाराला मोठा शांत वातबोगदा आहे, खास आवाज मोजायला. इंग्लंडमध्ये डर्बीला 150 मीटरचा रूळ आहे, त्यावरून पंचविसाव्या हिश्शाची गाडी गलोलीसारखी सोडतात. कारण खऱ्या आयुष्यात हवा उभी असते आणि गाडी पळते. फलाट, बोगदा, समोरून येणारी दुसरी गाडी ह्यांचा परिणाम बघायचा तर गाडीच पळवावी लागते.

उरलेलं काम संगणकावर. हवा-पाणी कसं वाहतं हे सांगणारी समीकरणं नव्हिए आणि स्टोक्सची, एकोणिसाव्या शतकातली. पाषाणला आयआयटीएम ह्या हवामानशास्त्र संस्थेत मॉन्सूनचा अंदाज काढणारे महासंगणकही, 2018 चा प्रत्युष आणि 2024 चा अर्क, मुळात ह्याच घराण्यातली समीकरणं सोडवतात. अडचण अशी की हवा नीट वागत नाही. देवासमोरच्या उदबत्तीकडे बघा: धूर वीतभर सरळ दोऱ्यासारखा वर जातो आणि मग अचानक विस्कटतो. तो विस्कटण्याआधीचा भाग आम्ही कागदावर सोडवू शकतो. नंतरचा नाही. गाडीभोवती हवा जवळजवळ सगळीकडे विस्कटलेलीच असते, त्यात मीटरभराच्या भोवऱ्यापासून मिलिमीटरहून बारीक भोवऱ्यापर्यंत सगळं एकाच वेळी. सगळे भोवरे पकडणं आजच्या कुठल्याही संगणकाला झेपत नाही, म्हणून मोठे मोजतात आणि बारीकांचा परिणाम सूत्राने धरतात. ते सूत्र किती बरोबर हे पुन्हा त्या गलोलीच्या गाडीवर ताडून बघावं लागतं.

आपल्याकडच्या बुलेट ट्रेनचा मुंबई-अहमदाबाद मार्ग 508 किलोमीटरचा, त्यात बीकेसी ते शिळफाटा 21 किलोमीटर बोगदा, सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. तिथे हे सगळे प्रश्न कागदावरून प्रत्यक्षात येतात. मुंबई-पुणे-हैदराबाद वेगवान मार्गाचाही विचार झालेला आहे. तो सह्याद्रीतून आला तर आजच्या भोर घाटासारखा वळणावळणाने चढणार नाही, कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडून 1:37 ची चढण तो घेणार नाही. तो लांब, सरळ बोगद्यांतून येईल, काँक्रीटच्या लाद्यांवरून. बोगद्याचा व्यास मीटरभर वाढवायचा की नाही, ह्यावर पुढची शंभर वर्षं वीज किती लागेल आणि तोंडाशी असलेल्या गावातली तावदानं किती खडखडतील हे ठरेल, आणि एकदा खणलेला बोगदा सहजासहजी रुंद करता येत नाही. नकाशे प्रसिद्ध होतील तेव्हा सगळे स्टेशनं कुठे ते शोधतील. मी बोगद्यांची तोंडं शोधणार आहे, आणि तिथे पडवीला जागा सोडली आहे का ते बघणार आहे.